ध्वनिमुद्रित कीर्तनाची संहिता

तुआरेगांच्या तिनारिवेन या वाद्यवृंदाने ‘तस्सिली’ (2011) हा गीतसंग्रह अल्जीरियाच्या वाळवंटात मुद्रित केला. त्यात स्थळ हाच संहितेचा एक घटक ठरतो. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यात आजोळी वाढलेल्या गाडगेबाबांचे वांद्र्यातील 8 नोव्हेंबर 1956 चे ध्वनिमुद्रित कीर्तन त्याही पुढे जाते. येथे श्रोता हाच घटक आहे. बाबा प्रश्न टाकतात, समुदाय उत्तर देतो आणि विधान त्या उत्तरातच पूर्ण होते. केवळ बाबांचे शब्द छापले तर वऱ्हाडी बोली उरेल. श्रोत्यांचा हशा, विलंब, होकार मात्र गळतील. मौखिक वाङ्मयाची आपली समीक्षा बहुधा अशा गळक्या संहितेवरच विसंबते. श्रोत्याला सहकर्ता मानल्याखेरीज या कीर्तनाचे मूल्यमापन अपुरेच राहील.