छत्तीसची शिस्त आणि परिमाणाचं व्रत

फिल्मची हवा परत आली आहे. बेळगावात कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींच्या गळ्यात आजोबांच्या कपाटातला जुना कॅमेरा दिसतो. आमच्या कडोलीत तो नसला, तरी मोबाईलवर काढलेला फोटो मुद्दाम पिवळट आणि दाणेदार करणारी पोरं आहेत. विचारलं तर म्हणतात, "काकू, फिल्ममध्ये जीव असतो. डिजिटल कोरडं असतं." हौसेनं फोटो काढणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनी हे म्हणणं सुपात घेऊन एकदा नीट पाखडावं, असं मला वाटतं.

आधी फिल्मच्या पदरात तिचं माप टाकू. रंगीत निगेटिव्ह जादा उजेड पोटात घालते. आर्यिका माताजी भर उन्हात विहार करत असतील, तर त्यांच्या पांढऱ्या साडीच्या चुण्या निगेटिव्हवर शाबूत राहतात. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं की तिथं काहीच उरत नाही, नंतर कितीही खटपट करा. पण उन्हातून सावलीत या, की पारडं फिरतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती घ्या. 1204 सालची वास्तू, छताला कोरलेलं मोठं दगडी कमळ आणि उजेड बेताचा. 400 आयएसओचा रोल घालून तिथं नुसत्या हातानं फोटो काढायला गेलं, तर तो हलतो. स्टँड लागतो. डिजिटल कॅमेरा आत 3200 वर न्यावा, बाहेर आल्यावर 100 वर आणावा. एका बटणाचं काम. रोल मात्र एकदा घातला की संपेपर्यंत त्याचाच संसार.

खर्चाचं बोलायचं तर आज छत्तीस फोटोंचा रंगीत रोल हजार रुपयांच्या घरात जातो. तो धुऊन, स्कॅन करून घ्यायला बहुतेक वेळा मोठ्या शहरात कुरिअरनं पाठवावा लागतो. सगळं धरून एका फोटोला चाळीसेक रुपये पडतात. पोरं म्हणतात, म्हणूनच माणूस विचार करून बटण दाबतो, म्हणूनच फिल्म शिस्त लावते. या शिस्तीविषयी मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली बायकांची. रोलची शिस्त आमच्या पिढीनं पाहिली आहे, पण ती कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूनं. घरात आगफा क्लिक असायचा, बारा फोटोंचा. पुढं हॉट शॉट आला. कॅमेरा अण्णांच्या नाहीतर मामांच्या हातात. एखादीनं हात पुढं केला की ठरलेलं उत्तर, "ठेव गं, रोल वाया घालवशील." रोल महाग होता हे खरंच. पण महाग वस्तू वाया घालवायचा, म्हणजेच ती शिकायचा हक्क घरात कुणाला असतो, हे आपल्याला सांगायला नको. जुने अल्बम काढून बघा की. बायका आहेत, नटून उभ्या आहेत. फोटो काढणारी मात्र शोधून सापडायची नाही.

होमाई व्यारावाला यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. 1913 साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण. भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या वेळचे त्यांचे फोटो आज इतिहास म्हणून दाखवले जातात. पण त्यांचेही सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. 15 जानेवारी 2012 रोजी त्या गेल्या. आणि चारच दिवसांनी अमेरिकेत कोडक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. याच कोडकमध्ये 1975 साली स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला त्याला 23 सेकंद लागायचे. त्याच वाटेनं पुढं कॅमेरा आपल्या फोनमध्ये, म्हणजे आपल्या हातात आला. शंभर फोटो बिघडवले तरी ओरडायला कुणी नाही. माझ्या ओळखीच्या बायका फोटो काढायला शिकल्या त्या या फुकटच्या चुकांवर. त्यामुळं "फिल्मचे दिवस किती छान" असं कुणी म्हटलं, की मी विचारते, कुणाचे दिवस?

दुसरी गोष्ट त्या "जीव असतो" या शब्दाची. फिल्ममध्ये जीव खरंच असतो. पोरांना वाटतो त्या अर्थानं नव्हे.

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर दिलेला एक लेप. चांदीच्या क्षारांचे बारीक कण त्यात असतात, उजेड पडला की त्यांच्यात बदल होतो. पण हे कण पट्टीवर धरून ठेवतं ते जिलेटिन. जिलेटिन निघतं जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून. दीडशे वर्षं होत आली तरी त्याची जागा घेईल असं दुसरं काही बाजारातल्या फिल्मला मिळालेलं नाही. कोडकनं तर स्वतःचा जिलेटिनचा कारखाना ठेवला होता. 1920 च्या दशकात त्यांच्या सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञाला आढळलं, की फिल्मची उजेड टिपायची ताकद जिलेटिनमधल्या गंधकाच्या अंशावर अवलंबून आहे आणि तो अंश येतो गाईनं खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडपाल्यातून. म्हणजे गाईनं काय खाल्लं, इथपर्यंतचा हिशेब त्या फोटोत उतरलेला.

आपण बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका बघतो. औषधाची कॅप्सूल दिसली की दुकानदाराला विचारतो, "गोळी नाही काय यात?" बटाटा आणि रताळी पिकवणाऱ्या तालुक्यात राहून कंदमूळ न खाणारी माणसं आपण. आणि बस्तीतल्या पंचकल्याणकाचे फोटो वर्षानुवर्षं जिलेटिनवर उतरवत आलो. रोलच्या डबीवर ठिपका नसतो. ती खायची वस्तू नाही, म्हणून कायद्यानं विचारलं नाही आणि म्हणून आपल्यालाही ते सुचलं नाही. यात कुणाला दोष द्यायचा नाही, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आज आहे. मार्ग असताना निव्वळ पिवळट रंगाच्या हौसेसाठी नवा रोल विकत घेणं मला पटत नाही. कुणी म्हणेल, एवढ्याशा लेपात ते किती असणार! कॅप्सूलमध्ये तरी किती असतं?

मग डिजिटल निर्मळ काय? तेही नाही. बॅटरीतल्या कोबाल्टचा मोठा वाटा काँगोतून येतो, आणि तिथल्या खाणींत लहान मुलंही राबतात. लॅबमधून चकचकीत फोटो छापून आणला, तर त्या कागदावरही जिलेटिनचाच लेप असतो. पण डिजिटलचा खरा दोष मला वेगळा दिसतो. आपल्या भाषेत त्याला परिग्रह म्हणतात.

श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी येतो. 1993 च्या अभिषेकाला आमच्या घरातून एक रोल गेला होता. त्यात दुधाचा एक, हळदीचा एक, चंदनाचा एक, बाकी माणसांचे. ते फोटो आजही अल्बममध्ये आहेत आणि आलेल्या पाहुण्याला दाखवले जातात. 2018 ला तेच घर गेलं, फोन चार, फोटो हजाराच्या वर. बाहुबलींवर दूध ओतलं जात असताना अर्धी मंडळी काचेतून बघत होती. त्यातले किती फोटो नंतर कुणी उघडले? एका जावेचा फोन बिघडला, तिचे तर सगळेच गेले. साठवायचं आणि बघायचं नाही. परिग्रह याहून वेगळा तो काय असतो!

इथं फिल्मवाले म्हणतील, बघा, छत्तीसचीच मर्यादा बरी होती. मला ते मान्य नाही. खिशात पैसे नाहीत म्हणून कमी खाल्लं तर त्याला कुणी उपवास म्हणत नाही. पानात सगळं वाढलेलं असताना हात आवरला, तर तो उपवास. श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. किती ठेवायचं याची हद्द ज्याची त्यानं आखायची. छत्तीसची हद्द कंपनीनं आखलेली होती. डिजिटलमध्ये ती आखायची संधी पहिल्यांदा आपल्याला मिळाली आहे, आणि ती आपण वापरत नाही.

मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे. एका कार्यक्रमाला बारा फोटो. जास्त निघाले तर त्याच रात्री निवडून बाकीचे पुसायचे. अभिषेक चालू असताना फोन पिशवीत. वर्षाकाठी वीस फोटो छापायचे, तेही साध्या कागदावर, पुस्तकासारखे. निवडलेल्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची.

आणि घरातल्या जुन्या निगेटिव्ह? त्या टाकू नका, बायांनो. जी हिंसा घडून गेली, ती टाकून भरून येत नाही, उलट ते मोल फुकट जातं. आपल्या पावसाळ्यात बुरशीला जिलेटिन फार आवडतं, तेव्हा कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ओल्या फडक्यानं पुसू नका, लेप सुटतो. जमेल तशा स्कॅन करून घ्या. त्यांत आपल्या आज्या आहेत, हातात कधी कॅमेरा न मिळालेल्या. निदान त्यांचे चेहरे तरी बुरशीला द्यायला नकोत.