स्पर्शाचा निषेध आणि रेषेची साक्ष

दुःखाचा विषय असलेले चित्र आणि दुःखाचा प्रत्यय देणारे चित्र यांत आपली समीक्षा पुरेसा भेद करीत नाही. दलित साहित्याच्या चर्चेत अनुभवाच्या अस्सलपणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. तोच निकष जसाच्या तसा चित्रकलेला लावला की चित्र केवळ आशयाचे वाहन ठरते. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर (जन्म १९६१) यांच्याबाबत हा धोका विशेष संभवतो.

अभिव्यक्तिवादी परंपरेत क्लेशाला अनेकदा स्पर्शाने उत्तर दिले जाते. केथे कोलवित्झ यांच्या ‘माता’ या काष्ठमुद्राचित्रात (१९२१-२२) मुलांना कवेत घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा एकच काळा पिंड होतो. १९१४ साली युद्धात पुत्र गमावलेल्या कलावतीने शोकाला दिलेला हा आकार आहे. देहांमधील अंतर नाहीसे होणे, हाच तेथे मानवी नात्याचा अर्थ.

सावरकरांच्या चित्रसृष्टीत मात्र स्पर्शच निषिद्ध आहे. त्यांच्या अस्पृश्यांच्या गळ्यात मडके येते, पाठीशी झाडू येतो. पेशवाईतील या निर्बंधांचा उल्लेख डॉ. आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील, प्रत्यक्षात देता न आलेल्या, पण १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या भाषणात केला आहे. थुंकी भूमीवर पडू नये, पाऊलखुणा उरू नयेत, म्हणजेच देहाचा जगाशी येणारा प्रत्येक संबंध पुसला जावा, यासाठी ही साधने. येथील यातना म्हणजे नाते तुटणे नव्हे, तर नात्याची शक्यताच नाकारली जाणे होय. म्हणून सांत्वन करणारे आलिंगन येथे खोटे ठरले असते.

मग मानवी नाते कोठे शोधावे? एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावरील रेषा आम्लाने खाल्ली जाते आणि कागदावर त्या झिजेचीच खूण उमटते. झाडू जी खूण पुसतो, ती पत्रा जपून ठेवतो. तंत्राला असा नैतिक अर्थ देणे अतिरेकी आहे, असा आक्षेप येऊ शकेल. रेम्ब्राँनेही हेच तंत्र वापरले होते, हे खरेच. परंतु अर्थ एकट्या तंत्रातून वा एकट्या विषयातून निष्पन्न होत नाही. तो त्यांच्या संयोगातून सिद्ध होतो.

केशोरीसारख्या झाडीपट्टीतील गावी अशी चित्रे पोहोचलीच तर बहुधा छापील प्रतिकृतींतून पोहोचतात. तेथे विषय टिकतो, रेषेची खोली हरवते आणि प्रेक्षकाच्या हाती उरते ती सुरक्षित अंतरावरची करुणा. सावरकरांची रेषा नेमके हेच अंतर प्रश्नांकित करते: मडके कोणाच्या गळ्यात आहे, एवढेच पाहून भागत नाही, ते कोणी बांधले, हेही विचारावे लागते.