मिनी मेट्रो आणि उबीनची होडी
न्यूझीलंडच्या करी बंधूंनी एप्रिल २०१३ च्या 'लुडम डेअर' स्पर्धेसाठी, दोनतीन दिवसांत, रेल्वेजाळे चालविण्याचा संगणकी खेळ रचला. २०१५ साली तो 'मिनी मेट्रो' म्हणून पुरा झाला. त्या स्पर्धेत खेळणारेच अभिप्राय देतात. आमचा उशिरा, इतकेच. आखणी सुरेख. एक स्थानक तुंबले की खेळ खलास, हेही चोख. खटकते ते निराळेच: यातला वर्तुळ-उतारू कुठल्याही वर्तुळ-स्थानकावर खुशाल उतरतो. सिंगापूरचा नकाशाही खेळात आहे. पण चांगीहून पुलाउ उबीनला जाणारी होडी सहसा बारा उतारू जमेतो खोळंबते, आणि ते सारे उबीनलाच जातात! भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचसाठी ताटकळलेल्या आपल्या मंडळींना कोणी 'दिसेल त्या बंदरात उतरा' म्हटले असते, तर ती उतरली असती का?