गंधज्ञानाचा ऱ्हास आणि मेंदूचे प्रतिमांकन : एक चिकित्सा

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली कंपवाताचे वर्णन करताना रुग्णाची ज्ञानेंद्रिये शाबूत राहतात, असे नोंदविले होते. ब्राक यांच्या 2003 च्या मांडणीने त्यास छेद दिला. विकृती मध्यमेंदूत पोहोचण्यापूर्वीच गंधकंदात आढळते. त्यावर आधारलेली ‘आधी वासाची चाचणी, मग डोपामाइन-प्रतिमांकन’ ही अमेरिकी पद्धत काटकसरीची खरी. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंधज्ञान उणावलेल्यांपैकी 11 टक्के व्यक्तींत डोपामाइन-वाहकाची घट दिसली, इतरांत 1 टक्क्यात. अर्थात वास न येणाऱ्या बहुसंख्यांची प्रतिमा निर्दोषच होती.

तथापि मुख्य आक्षेप चाळणीवरच आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या 40 वासांच्या चाचणीत लायलॅक, रूट बिअर, पिझ्झा आहेत. प्रत्येकास चार पर्याय. लोहा तालुक्यातील वृद्ध शेतकऱ्यास लायलॅक ओळखता आले नाही, तर दोष नाकाचा की प्रश्नपत्रिकेचा? हिंग, लसूण, मोगरा, रॉकेल हे त्याचे परिचित वास. त्यांवर चाचणी बेतली, तरी वार्धक्य, तपकीर, जुनाट सर्दी आणि 2020 पासूनचा कोविड ही कारणे आधी वगळावीच लागतील. या संशोधनाचे हवाले देणारे आपल्याकडील लेखन मात्र प्रतिमांकन-यंत्राच्या वर्णनातच रमते; फोडणीचा वास येईनासा झाल्याचे सांगणाऱ्या रुग्णास पुढे काय विचारावे, हे त्यात सापडत नाही.