तिघांत एक उसना

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या आवारात १९६८ साली सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षणाच्या एका विषयाच्या नावातच ‘क्राउन अँड ब्रिज’ येतं. ओपीडीच्या रांगेतला माणूस मात्र ‘फिक्स दात बसवायचे आहेत’ एवढंच म्हणतो. कवितेचं, चित्राचं रसग्रहण होतं, मग या फिक्स दातांचं का नको? लॅबमधल्या कारागिराचं नाव त्यावर कुठेही नसतं आणि काम जितकं सरस, तितकं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नेहमीचा ब्रिज घेऊ. खालची पहिली दाढ गेलेली आहे. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुधाची समजून घरचे तिच्याकडे काणाडोळा करतात आणि बरेचदा तीच सगळ्यांत आधी किडते. ती काढली की मागची दाढ पुढे कलायला लागते, वरची रिकाम्या जागेत खाली उतरते. मग पुढची उपदाढ आणि मागची दाढ घासून बारीक करतात. त्या दोघींवर कॅप आणि मध्ये त्यांनाच जोडलेला खोटा दात, असं तीन दातांचं अखंड काम तयार होतं.

यातला उसना दात स्वतः काहीच पेलत नाही. त्याच्यावरचा सगळा भार शेजारणींच्या मुळांवर जातो. त्याचा हिशेब अँटे नावाच्या दंतवैद्याने १९२६ साली मांडला : आधार देणाऱ्या मुळांचं क्षेत्रफळ गेलेल्या दाताच्या मुळांपेक्षा कमी नसावं. खालच्या पहिल्या दाढेची मुळं साधारण ४३० चौरस मिलिमीटर, उपदाढेची दोनशेच्या थोडी वर, मागच्या दाढेची सव्वाचारशेच्या आसपास. म्हणजे इथे हिशेब आरामात जमतो. पण सलग दोन दात गेले असतील तर ब्रिज दुप्पट नव्हे, आठपट वाकतो, कारण वाक लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. सावजीच्या मटणातली नळी फोडायला निघालेल्या जबड्यापुढे हा हिशेब पुस्तकी राहत नाही.

माझ्या मते खरी कारागिरी खालच्या अंगाला आहे. प्लास्टरच्या मॉडेलवरून ब्रिज उचलून उलटा धरा. मधल्या दाताने हिरडीवर बैठक मारलेली नसते. गालाच्या बाजूने तो हिरडीला जेमतेम टेकतो आणि जिभेच्या बाजूने तिरका वर निघून जातो, अन्न अडकू नये म्हणून. जोडाच्या खाली छोटी त्रिकोणी वाट मोकळी ठेवलेली असते, धागा किंवा बारीक ब्रश जाण्यासाठी. चावण्याचा माथाही खऱ्या दाढेपेक्षा थोडा अरुंद ठेवतात, कारण भार कमी यायला हवा. हे सगळं पेशंटला कधी दिसणार नसतं आणि तरी ब्रिज किती वर्षं टिकेल हे बरंचसं इथेच ठरतं.

रंगाची गोष्ट त्याहून नाजूक. आतल्या धातूचा करडेपणा झाकणारा थर, त्यावर दाताचा पिवळसर गाभा, वर काचेसारखी कड. पोर्सेलीन भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजलं की आकसतं, म्हणून दात मुद्दाम थोडा मोठा घडवतात. विदर्भातल्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी रेघा उमटतात. अशा तोंडात पांढराशुभ्र दात बसवला तर तो लांबूनच ओरडतो. जाणता कारागीर त्यावर हलकासा डाग रंगवतो. या कामात डागही सौंदर्यात भर घालतो, ही मला फार मोठी गंमत वाटते.

आता दोष. एका गेलेल्या दातासाठी दोन चांगल्या दातांचं कवच घासावं लागतं आणि घासलेलं परत येत नाही. शेजारचे दोन्ही दात निरोगी असतील, हाड भरपूर असेल आणि खर्च झेपत असेल तर आज इम्प्लांटच सरस. शेजारच्या दातांना आधीच मोठं फिलिंग किंवा रूट कॅनल झालेलं असेल तर मात्र ब्रिजला तोड नाही. आणि नागपुरात आणखी एक अडसर आहे, सुपारी-तंबाखूचा खर्रा. वर्षानुवर्षं खर्रा खाल्ल्याने गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड दोन बोटंही उघडत नाही. माप घ्यायचा ट्रे आत शिरेनासा झाला की उत्तम कारागीरही हतबल होतो.

कॅपखालचा दात पुन्हा किडणं हे ब्रिज निकामी होण्याचं एक नेहमीचं कारण आहे. म्हणून सिमेंटने पक्का करण्याआधी डॉक्टरांना सांगा, ब्रिज एकदा खालून दाखवा. आणि त्या त्रिकोणी वाटेतून ब्रश कसा फिरवायचा, ते खुर्चीतून उठायच्या आधीच शिकून घ्या.