उबेचा माग

जुन्या व्होल्वो २४० च्या डॅशबोर्डवर तापमानाचा एक काटा असतो. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू करून थोडे अंतर गेलो, की तो सावकाश सरकतो, पट्टीच्या मधोमध येतो आणि तिथेच थांबतो. पुढे चढ लागो, उतार लागो, शहरातली गर्दी लागो, त्याची बैठक मोडत नाही. या स्थैर्याचे कौतुक करण्याआधी आपण त्याच्या मागे जरा डोकावून पाहू. १९८६ च्या सुमारापासूनच्या गाड्यांत या मीटरमागे एक छोटे सर्किट बसवलेले असते, आणि त्याचे काम एवढेच, की इंजिनाचे तापमान बऱ्यापैकी वरखाली झाले तरी काटा हलू द्यायचा नाही. मालकाने उगाच घाबरू नये, हा त्यातला सद्हेतू. पण बाहेर उणे वीस अंश असताना, पावले बधिर होत असताना, काचेवर आतल्या बाजूने आपल्याच श्वासाचे दव गोठत असताना हाच काटा ‘सर्व क्षेम’ म्हणत उभा राहतो. निस्तेज हीटरचे वाचन म्हणूनच काट्यापासून नव्हे, काट्यावरच्या अविश्वासापासून सुरू होते. ऊब कुठवर आली आणि नेमकी कुठे अडली, याचा माग मग स्पर्शाने, कानाने आणि नाकाने काढावा लागतो.

ही गाडी निवडण्याला कारण आहे. १९७४ ते १९९३ या काळात गॉथेनबर्गच्या टोर्सलांडा कारखान्यात आणि अन्यत्रही मिळून अठ्ठावीस लाखांहून अधिक २४० घडल्या. त्यांचा मूळ मुलूख उत्तर स्वीडनमधल्या किरुनासारख्या गावांचा. डिसेंबरात काही आठवडे सूर्य जिथे क्षितिजावर येतच नाही, आणि रात्री उभ्या गाडीचे इंजिन गारठू नये म्हणून वाहनतळावरच्या खांबांना विजेचे सॉकेट असतात. अशा मुलखासाठी घडलेल्या गाडीचा हीटर मुळात दणकट. तो मंदावला असेल तर दोष बहुधा वयाचा, आणि वयाने आलेले दोष मोठे वाचनीय असतात: ते एकाएकी येत नाहीत, आणि येताना आपल्या खुणा जागोजागी ठेवतात.

या हीटरला स्वतःचा अग्नी नसतो, ही साऱ्या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट. इंजिनात पेट्रोल जळते, त्यातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग इंजिनाभोवतीचे पाणी शोषून घेतो. ही ऊर्जा एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावर उधळून टाकायची असते. त्याच पाण्याची एक लहानशी शाखा केबिनकडे वळवायची, डॅशबोर्डमागे लपलेल्या चिमुकल्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, ती खेळवायची आणि पंख्याने त्यावरून हवा फुंकायची, की झाला हीटर. टाकाऊ उष्णतेचे प्रवाशाच्या सुखात झालेले हे रूपांतर आपल्याकडच्या जुन्या चालकांनाही उलट्या वाटेने ठाऊक असते. कसारा किंवा खंबाटकी चढताना गाडी तापू लागली, की जाणता माणूस भर उन्हात खिडक्या उघडून हीटर पूर्ण सोडतो. कारण इंजिनाच्या दृष्टीने हीटर हा आणखी एक रेडिएटरच. घाटात जो इंजिनाला वाचवतो तोच किरुनात माणसाला ऊब देतो. बदलते ती फक्त आपली गरज.

आता आपण बॉनेट उघडू. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून रबराच्या दोन नळ्या आत गेलेल्या दिसतात. एक सिलिंडर हेडच्या मागच्या अंगाकडून गरम पाणी आत नेते, दुसरी ते परत वॉटर पंपाकडे आणून सोडते. इंजिन चांगले तापू द्यायचे, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा चालू ठेवायचा, आणि मग या दोन नळ्यांना आळीपाळीने हात लावायचा; ठेवायचा नाही हं, नुसता टेकवून काढायचा, कारण आतले पाणी नव्वद अंशांच्या घरात असू शकते. एवढ्या साध्या स्पर्शात किती अर्थ सामावलेला आहे ते पाहावे. एक नळी चटका देणारी आणि दुसरी त्याहून थोडीच कमी गरम, तर पाणी आपले काम चोख करते आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक कढत आणि दुसरी गार, तर पाणी आत शिरते पण पार होत नाही. म्हणजे पाणी सोडणारा हीटर व्हॉल्व्ह मिटलेला, कोअर चोकअप झालेला किंवा आत हवा धरलेली. दोन्ही नुसत्याच कोमट, तर इंजिनच पुरेसे तापत नाही, किंवा पाणी इथवर नीट पोचत नाही. तीन स्पर्श आणि तीन निराळ्या कथा! भारी उपकरणे नंतर हवी तेव्हा येतात. संपूर्ण प्रश्नाची तीन दालने मात्र तळहाताने अशी आधीच उघडून ठेवलेली असतात.

दोन्ही नळ्या कोमट निघाल्या, तर नजर थर्मोस्टॅटकडे वळते. मुठीत मावेल एवढी ही वस्तू, आणि तिच्या पोटात असते मेण. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी सिद्ध केलेली ही युक्ती आजही इंजिनात तशीच नांदते: ठरावीक उष्णतेला मेण वितळते, वितळताना फुगते, फुगताना एका दांडीला रेटते, आणि रेडिएटरकडचे दार उघडते. २४० साठी मिळणाऱ्या थर्मोस्टॅटवर ८७ किंवा ९२ असा उघडण्याचा अंश कोरलेला असतो. दार मिटलेले असेतो पाणी इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरत राहते. म्हणजे रेडिएटरला वाटा मिळण्याआधी प्रवाशाला मिळतो, आणि या क्रमातले सौजन्य मनाला स्पर्शून जाते. म्हातारा थर्मोस्टॅट उघडाच अडकून बसला, की हे सौजन्य संपते. त्याची खूणही मोठी मजेची आहे: गावातल्या संथ रहदारीत हीटर बरा चालतो, आणि महामार्गावर वेग घेतला, समोरचा वारा रेडिएटरला भिडला, की गार पडतो. इंजिन गारच राहिल्याने इंधनयंत्रणा पेट्रोल सढळ हाताने ओतत राहते. थंडी आणि खर्च हातात हात घालून येतात. नवा थर्मोस्टॅट बसवताना त्याच्या कडेला असलेले हवेचे इवलेसे छिद्र वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. दिसायला क्षुल्लक, पण अशा बारकाव्यातच कारागिराचा हात ओळखू येतो.

याच्या नेमकी उलट खूण पाण्याच्या कमतरतेची. सिग्नलला उभे असताना हवा गार, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गरम. कूलंट कमी झालेले असते किंवा पंप थकलेला असतो, आणि इंजिन जोराने फिरले तरच पाणी उंचावरच्या कोअरपर्यंत चढते. अशा वेळी डॅशबोर्डमागून एक खळखळ ऐकू येते, आणि आपला कान त्या खळखळीपाशी थबकतो: पाण्याबरोबर हवाही फिरते आहे, असे ती स्पष्ट सांगत असते. इंजिन पूर्ण निवाल्यावरच अर्धपारदर्शक टाकीचे झाकण उघडावे, पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे मिसळून भरावे. हे मिश्रण साधारण उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही. मग गाडीचे नाक चढावर ठेवून, हीटर पूर्ण सोडून इंजिन चालू द्यावे, आणि निर्धास्त वाट पाहावी. टाकीत बुडबुडे येत राहतात, पातळी मधूनच खचते, आपण थोडे आणखी ओततो. आणि एका क्षणी ती खळखळ थांबते. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुके धरत असेल, पायाखालचा गालिचा ओला लागत असेल, तर मात्र कोअरच पाझरतो आहे. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने सांडलेले तसेच सोडू नये. कुत्र्यांना त्या गोडीचा मोह पडतो.

एक नळी कढत आणि एक गार, ही दुसरी कथा अधिक गुंतागुंतीची. २४० च्या हीटर व्हॉल्व्हला बहुधा तांब्याची एक केसासारखी बारीक नळी जोडलेली असते. तिचे वेटोळे गरम हवेच्या वाटेत बसते आणि हवा फार तापली तर व्हॉल्व्ह आपोआप आवळते. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा गरम पाण्याच्या जाळीतून केबिनमध्ये आणली आणि पुढच्याच वर्षी तिला थर्मोस्टॅटची जोड दिली. या तांब्याच्या वेटोळ्यात त्याच विचाराची परिणती दिसते. व्हॉल्व्हवर शंका घेण्याआधी तो ओढणारी केबल तपासावी: कळ पूर्ण फिरवूनही दांडी शेवटपर्यंत जात नसेल, तर क्लॅम्प सैल करून केबल थोडी ओढून घेतली, की हरपलेली निम्मी ऊब परत मिळते. केबलही ठीक असेल तर कोअर उलटा धुवायचा. दोन्ही नळ्या सोडून बागेची नळी परतीच्या तोंडाला लावायची आणि बेताच्या दाबाने पाणी सोडायचे, कारण वृद्ध कोअरला जोर सोसत नाही. आतून निघते ते गढूळ, तांबूस, गाळाने भरलेले पाणी. न्हाणीघरातल्या बंबाच्या तळाशी धरणाऱ्या क्षारांसारखाच थर इथेही वर्षानुवर्षे बसलेला असतो. मग रंग फिकट होतो, धार मोकळी होते, आणि स्वच्छ पाणी अडथळ्याविना बाहेर झेपावते, तेव्हाचे समाधान आपण एकदा अनुभवावे असेच आहे.

उरली हवेची कथा. काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीत पाने साचली तर पंखा कितीही फिरला तरी त्याला हवाच मिळत नाही; मूठभर पाने काढणे, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती. हवेची दिशा बदलणारी दारे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर हलतात, आणि त्यांच्या रबरी पडद्यांना चिरा गेल्या, की दार अर्धवट राहते. एक बारीकसा फुसकारा ऐकून ती चीर सापडते. पंखा फक्त सर्वांत जास्त वेगावरच चालत असेल तर मोटर शाबूत आणि रेझिस्टर गेलेला. आणि मोटरच गेली असेल, तर या गाडीच्या चाहत्यांचा एक विनोद आठवावा: कारखान्यात म्हणे आधी पंख्याची मोटर ठेवत आणि मग तिच्याभोवती बाकीची गाडी बांधत.

हा विनोद आपल्याला शेवटचे मर्म सांगतो. पाने, पाण्याची पातळी, थर्मोस्टॅट, केबल, व्हॉल्व्ह, कोअर धुणे, आणि अगदी निरुपाय झाला तरच डॅशबोर्ड उतरवणे, हा क्रम केवळ काटकसरीचा नाही. प्रत्येक पायरीवर आपण उष्णतेबरोबर आणखी थोडे पुढे जातो, आणि ज्वलनापासून व्हॅक्यूमपर्यंत, पंपापासून पंख्यापर्यंत गाडीचे एकेक अंग आपल्या ओळखीचे होत जाते. ब्रेक दुरुस्त करणाऱ्याला ब्रेक कळतो, दिवे दुरुस्त करणाऱ्याला वायरिंग कळते. हीटरचा माग काढणाऱ्याला मात्र आख्खी गाडी कळते, कारण हीटर गाडीच्या जवळजवळ प्रत्येक अंगाकडून काही ना काही उसने घेतो. म्हणून जुन्या गाडीचा हीटर निस्तेज झाला, तर त्याला निव्वळ उपद्रव मानू नये. एखादी सवडीची दुपार काढावी आणि तो वाचायला घ्यावा. जुने यंत्र समग्र समजून घेण्याची याहून स्वस्त संधी क्वचितच मिळते.