उजेड हवा, ऊन नको : नागपूरच्या घरांतील प्रकाशयोजना

नागपुरात उजेडाला तोटा नाही. पावसाळ्याचे महिने सोडले तर वर्षाचा बहुतेक काळ आकाश निरभ्र असते आणि भर दुपारच्या उन्हात जमिनीवर लाखभर लक्स प्रकाश पडतो. तरीही नव्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात दुपारी बारा वाजता गेले तर पडदे ओढलेले आणि ट्यूबलाइट चालू, हेच दृश्य दिसते. बाहेर जे फुकट आणि अमाप आहे, ते आत मीटर फिरवून मिळवायचे अशी आपली रीत झाली आहे. काच, दिवे किंवा पैसा कमी पडला म्हणून हे झालेले नाही. उजेड आत घेणारी आणि ऊन बाहेर थोपवणारी जागा आपण इमारतीतून काढून टाकली. नागपूरच्या प्रकाशयोजनेचे दुखणे तिथे आहे.

या शहराचा सूर्य आधी समजून घेतला पाहिजे. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात (उन्हाळ्याच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत), सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडून जातो. २१ डिसेंबरला मात्र तो मध्यान्ही दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो. दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीवर माथ्याला लगतच ४५ सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर मार्च ते सप्टेंबर ती जवळपास पूर्ण सावलीत राहते. हिवाळ्यात तेच ऊन खोलीत उतरते आणि तेव्हा ते हवेसेच असते. पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. चार वाजताचे ऊन आडवे येते आणि छज्ज्याखालून सरळ पलंगापर्यंत पोचते. तिथे उभे पडदे, जाळी, झाड किंवा मुळातच लहान खिडकी हाच उपाय. चारही बाजूंना एकसारखी खिडकी आणि एकसारखा छज्जा काढणारा आराखडा सूर्याकडे न पाहता काढलेला असतो.

जुन्या नागपूरला हे ठाऊक होते. महाल भागातल्या वाड्यांत चौक आकाशाचा उजेड खाली घेई, ओसरी तो मवाळ करी आणि जाड भिंती उष्णता अडवून धरत. डोळ्यांना सरावण्यासाठी ओसरी ही मधली पायरी होती, त्यामुळे बाहेरचा झगझगाट आणि आतला काळोख एकमेकांना थेट भिडत नसत. पण वाड्याचे गुणगान करताना त्याचे उणेही सांगितले पाहिजे. उत्तम उजेड चौकाला आणि दिवाणखान्याला मिळे. माजघर, बाळंतिणीची खोली आणि धुराने काळे पडलेले स्वयंपाकघर, म्हणजे बायकांचा दिवस जिथे जाई त्या जागा, अंधारात राहत. उजेडाची वाटणी घरातल्या मानाप्रमाणे होई. आजच्या वास्तुरचनेने वाड्याकडून ओसरी घ्यावी, ही वाटणी घेऊ नये.

सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवला. चोहीकडून व्हरांडा, उंच छत आणि व्हरांड्याच्या छपराच्या वर, भिंतीत, दोरीने उघडबंद होणारी रोशनदाने. व्हरांड्यामुळे खालच्या खिडक्या सावलीत राहत, तर रोशनदानातून येणारा उजेड पांढऱ्या छतावर आपटून खोलीभर पसरे आणि वर साठलेली गरम हवाही तिथूनच निघून जाई. हेन्री मेड यांनी आखलेली आणि १९४० मध्ये सुरू झालेली उच्च न्यायालयाची वालुकाश्मी इमारत किंवा शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, १९३६ नंतर माती, बांबू आणि कवेलूंनी उभी राहिलेली बापू कुटी पाहा. एकीकडे साम्राज्याचा थाट, दुसरीकडे कमालीचा साधेपणा. पण ऊन भिंतीला आणि छपराला झेलू द्यायचे, माणसाला नाही, हे दोन्हीकडे पाळलेले आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या सिमेंटी घरांनीही ही शिस्त बऱ्याच अंशी राखली. रुंद छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, दाराखिडक्यांच्या वर झरोके आणि पुढे परछी (पडवी) असे. पडझड त्यानंतरची आहे. जमिनीचे भाव चढले, प्लॉट लहान झाले, बाजूचे अंतर कागदापुरते उरले. परछीची बाल्कनी झाली आणि बाल्कनीला स्लायडिंग काच लावून ती खोलीत घेतली गेली. झरोका बंद झाला, कारण त्या उंचीवर फॉल्स सीलिंग आले.

या पडझडीत सर्वात मोठा बळी गेला स्वयंपाकघराचा. अपार्टमेंटमध्ये ते बहुतेकदा डक्टवर, म्हणजे इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळीवर, उघडते. भारतीय मानकांत दिवसाच्या उजेडाचे माप ‘डेलाइट फॅक्टर’ने ठरते : बाहेर मोकळ्या आकाशाखाली जेवढा प्रकाश, त्याचा किती टक्के भाग आत कामाच्या जागी पोचतो. हिशेबासाठी बाहेरचा प्रकाश ८,००० लक्स धरतात. सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असतानाच्या निरभ्र आकाशाचा हा आकडा आहे आणि थेट ऊन त्यात मोजत नाहीत. म्हणजे १ टक्का बरोबर ८० लक्स. बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के पुरेसे मानले आहे, अभ्यासाच्या खोलीला १.९ आणि स्वयंपाकघराला २.५ टक्के, म्हणजे ओट्यावर २०० लक्स. विळी, चाकू आणि विस्तव जिथे आहे तिथे मानकाने घरातला सर्वात जास्त उजेड मागितला आणि आपण तिथेच सर्वात कमी दिला. डक्टच्या वरच्या मजल्याला निदान आकाशाचा तुकडा दिसतो. खालच्या मजल्यांना समोरची शेवाळलेली भिंत दिसते. ती भिंत पांढरी धुतलेली ठेवली तरी परावर्तित उजेडाने फरक पडतो, पण देखभालीच्या यादीत हे काम कुणी लिहीत नाही.

दुसरा बळी खिडकीचा, आणि तो खास आपल्या शहराचा आहे. मार्च उजाडला की कूलर उतरतात, ताट्या बदलतात आणि खोलीतल्या एकुलत्या खिडकीत कूलर बसतो. अनेक घरांत तो दिवाळीपर्यंतच काय, वर्षभर तिथेच राहतो. खोलीचा उजेड आणि वारा एकाच भोकावर अवलंबून ठेवल्याचा हा परिणाम. नागपुरात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला कूलर लागणार हे माहीत असते, तरी कूलरसाठी वेगळे, खालच्या उंचीवरचे, झडप असलेले भोक आराखड्यात क्वचितच दिसते. ते दिले तर वरची खिडकी बाराही महिने उजेडासाठी मोकळी राहील. स्थानिक वास्तुरचनेत इतकी सोपी आणि इतकी दुर्लक्षिलेली दुसरी सुधारणा मला दिसत नाही.

वर्धा रोडसारख्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या काचेच्या दर्शनी भिंतींबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. गडद, आरशासारखी काच उष्णता कमी करते, पण उजेडही अडवते. शिवाय खिडकीचा उजेड तिच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पटींपर्यंतच कामाचा राहतो. माथा २.१ मीटरवर असेल तर पाच मीटरच्या पलीकडे बसलेल्याला भिंतभर काचेचा उपयोग नाही. काठावरचा कर्मचारी तिरिपीने डोळे किलकिले करून पडदा ओढतो आणि मग सगळ्या मजल्यावर दिवे लागतात. कमरेखालची काच कामाच्या पातळीवर फारसा उजेड देत नाही, फक्त उष्णता देते. खिडकी रुंद करण्यापेक्षा तिचा माथा चढवणे आणि छत पांढरे ठेवणे यातून जास्त मिळते, कारण चांगले पांढरे छत ७० ते ८० टक्के उजेड परत खोलीत पाठवते.

विजेच्या दिव्यांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरी क्रांती झाली. जुना बल्ब एका वॅटमागे १२ ते १५ ल्युमेन देई, एलईडी सहज १०० च्या वर देतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने हे दिवे साध्या घरांतही पोचवले. पण दिवे स्वस्त झाले आणि विचार मागे पडला. झोपायच्या खोलीतही ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा झोत, छतात ओळीने स्पॉटलाइट आणि अभ्यासाच्या टेबलावर स्वतःच्याच डोक्याची सावली, हे सर्रास दिसते. निळसर प्रकाश शरीराला दिवस असल्याची खूण देतो, म्हणून रात्री २,७०० ते ३,००० केल्विनचा उबदार उजेड योग्य. वाचणाऱ्याला छतावरच्या चार दिव्यांपेक्षा बाजूचा एक दिवा बरा, कारण लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो. शाळा-कार्यालयांत तर एक फुकटचा उपाय आहे : दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर ठेवून प्रत्येक ओळीला वेगळे बटण द्यावे. मग खिडकीजवळची ओळ दिवसभर बंद ठेवता येते. वायरिंग करताना हे ठरवले नाही तर पुढची वीस वर्षे चाळीस मुलांच्या वर्गात एका बटणावर सगळे दिवे जळत राहतात.

नियमांची कमतरता नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे, घरांसाठी २०१८ मध्ये आलेली इको निवास संहिता आहे. उणीव मोजण्याची आहे. इमारत पूर्ण झाल्यावर पाण्याची टाकी तपासतात, लिफ्ट तपासतात, पण ओट्यावर किती लक्स पडतात हे कुणी पाहत नाही. व्हीएनआयटीसह शहरातल्या वास्तुकला महाविद्यालयांनी वाडे, बंगले, नागपूर सुधार प्रन्यासचे गाळे आणि नवे टॉवर यांतला उजेड ऋतूनुसार मोजून नोंदवला, तर या हवामानाला काय मानवते याचा पुरावा हाती येईल. तोवर ग्राहकाच्या हाती एक हक्क आहे. फ्लॅट पाहायला जाताना संध्याकाळी झुंबराखाली जाऊ नये. दुपारी जावे, सगळे दिवे बंद करायला सांगावेत आणि ओट्यापाशी उभे राहून वर्तमानपत्र वाचून पाहावे. वाचता आले नाही, तर त्या घराचा भाव तिथेच कमी करून मागावा. उजेडाला किंमत आली की बांधणारे छज्जा, झरोका आणि परछी पुन्हा आराखड्यात आणतील.